न दुखणारी कावीळ: स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात मी गेली बावीस वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतो. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना घरचे आणि गिऱ्हाइकं आबा म्हणत, मीही तेच म्हणायचो. घरच्यांच्या परवानगीने लिहितोय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. आजाराचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात काय केलं याइतकंच आधी काय केलं आणि मग काय, हेही महत्त्वाचं ठरलं.

पार्श्वभूमी

आबा ६३ वर्षांचे. धायरीत पिठाची गिरणी. घरी पत्नी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मुलगा एका कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर. आबा माळकरी, त्यामुळे दारू-मटण कधीच नाही, पण तंबाखू-चुना चाळीस वर्षांचा. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे गल्लीतलं पोरही सांगेल. न ओढता नुसती खाल्लेली तंबाखूही स्वादुपिंडाच्या कर्करोगाला कारण ठरते, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.

रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी ते दर दोन-तीन महिन्यांनी यायचे. दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालायचे. त्या वर्षी दिवे घाटात दोनदा बसावं लागलं, असं जूनअखेर त्यांनी सांगितलं. "वय झालं डॉक्टर." मीही मान डोलावली.

साखर, पित्त आणि दळणाची पोती

ऑगस्टमध्ये उपाशीपोटीची साखर १६८ आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.१ आलं. त्यांच्या घराण्यात कुणाला मधुमेह नव्हता. मी मेटफॉर्मिन सुरू केलं, भात-साखर कमी करायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये वजन अजून उतरलेलं दिसलं तेव्हा पथ्य चांगलं पाळताय म्हणून मी त्यांचं कौतुक केलं. ते वाक्य आजही मला बोचतं.

साठीच्या आसपास पहिल्यांदाच साखर निघालेला माणूस बहुधा वजन वाढलेला असतो. आबांचं वजन साखर निघायच्या आधीपासून घटत होतं. स्वादुपिंडातली गाठ इन्सुलिनच्या कामात बिघाड करते, त्यामुळे नव्याने आलेला मधुमेह कधीकधी कर्करोगाची पहिली खूण असतो. पन्नाशीनंतर मधुमेह झालेल्या शंभर जणांतल्या साधारण एकाला पुढच्या तीन वर्षांत हा कर्करोग सापडतो. एक टक्का म्हणजे थोडा, आणि म्हणून सरसकट सगळ्यांचं सीटी स्कॅन करणं चुकीचंच. पण वजन घटत असेल तर तो माणूस त्या शंभरातला वेगळा असतो. वय, वजनातला फरक आणि साखरेतला फरक या तीन गोष्टींवरून जोखीम मोजण्यासाठी 'एनडीपॅक' नावाची गुणपद्धत २०१८ पासून आहे. तिन्ही आकडे माझ्या केसपेपरवर होते.

ऑक्टोबरमध्येच पोटाच्या वरच्या भागात दुखायला लागलं. जेवल्यावर जास्त, रात्री पाठीत जायचं, पुढे वाकून बसलं की बरं वाटायचं. पोट पित्ताच्या नावावर गेलं आणि पाठ दळणाची पोती उचलण्याच्या. पॅन्टोप्राझोल दिलं. स्वादुपिंड जठराच्या मागे, मणक्याला लागून आडवं असतं. तिथलं दुखणं पाठीत उतरतं आणि पाठीवर झोपलं की वाढतं, हे मी शिकलो होतो. त्या दिवशी आठवलं नाही, एवढंच खरं.

आणखी एक खूण घरात होती. संडास तेलकट, फिकट, पाणी टाकलं तरी न जाणारी. आबांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, पाहिलं होतं, पण हे डॉक्टरांना कसं सांगायचं म्हणून राहून गेलं. मीही विचारलं नाही.

कावीळ

दिवाळीनंतर अंगाला खाज सुटली. लघवी गर्द पिवळी, मग डोळे पिवळे. ताप नाही, पोटात कळ नाही. धाकट्या भावाने आबांना भोरकडच्या एका गावात नेलं, तिथे कावीळ उतरवून देतात. चुन्याच्या पाण्यात हात धुताना पाणी पिवळं होतं, गळ्यात माळ घालतात, तेल-तूप बंद. अकरा दिवस त्यात गेले.

भावाला दोष द्यायचा नाही. आपल्याकडची बहुतेक कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या विषाणूंची असते आणि ती काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माळही दिवसागणिक लांब होत जाते आणि माणूसही बरा होतो, मग विश्वास बसणारच. अडचण दुसऱ्या जातीच्या काविळीची आहे. तिच्यात यकृत ठीक असतं, पण पित्त आतड्यात उतरायची वाट बंद झालेली असते. खाज, गडद लघवी आणि पांढरट संडास ही त्या तुंबलेल्या काविळीची लक्षणं. दगडाने तुंबली तर सहसा कळा येतात, थंडी वाजते. न दुखता तुंबली आणि वय पन्नाशीपुढचं असलं, तर स्वादुपिंडाच्या डोक्याकडे बघायलाच हवं. पित्तनलिका त्या डोक्यातूनच जाते.

आबा माझ्याकडे आले तेव्हा वजन ५९. उजव्या बरगडीखाली फुगलेलं, न दुखणारं पित्ताशय हाताला लागत होतं. बिलीरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं रंगद्रव्य, ११.८, त्यातलं बरंचसं डायरेक्ट, म्हणजे पित्त तुंबल्यावर वाढणारं. सोनोग्राफीत पित्तनलिका १४ मिलिमीटर रुंद, आणि शेवटी ओळ: गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही. ही ओळ पुण्यातल्या अर्ध्याअधिक रिपोर्टांत असते. तिचा अर्थ 'स्वादुपिंड ठीक आहे' असा होत नाही.

पहिला निर्णय: स्टेंट आधी की सीटी आधी

जवळच्या एका रुग्णालयात त्याच दुपारी एंडोस्कोपीने स्टेंट, म्हणजे तुंबलेली पित्तनलिका उघडी ठेवणारी नळी, घालायचं ठरत होतं. पिवळाधमक बाप आणि खाजेने रात्र-रात्र जागणारं घर, 'नळी घातली की उतरेल' म्हटल्यावर नको कोण म्हणणार? मुलाने मला फोन केला. मी ओळखीच्या गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टना विचारलं. त्यांनी एकच विचारलं, "सीटी झालंय?"

झालं नव्हतं. त्यांनी थांबायला सांगितलं, कारणं दोन. स्टेंट घातल्यावर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि मग गाठ कुठे संपते, रक्तवाहिनीला किती चिकटली आहे, ते चित्रात धूसर होतं. दुसरं, स्टेंट लागणारच आहे का, हे सीटीशिवाय ठरत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात, थेट शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना गंभीर गुंतागुंत झाली. आधी स्टेंट घालून मग शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण ७४ टक्के होतं. त्या अभ्यासात साधारण १४.६ पर्यंत बिलीरुबिन असलेले रुग्ण होते, आबा त्यात बसत होते. ताप असता, पू झाल्याची शंका असती, तर मात्र स्टेंट तातडीचाच.

दुसऱ्या दिवशी स्वादुपिंडासाठीचा खास सीटी झाला. साधा 'पोटाचा सीटी' इथे पुरत नाही. रंगद्रव्य दिल्यावर ठरावीक सेकंदांनी, आधी स्वादुपिंड उजळतं तेव्हा आणि मग शिरा भरतात तेव्हा, अशी दोन वेळा चित्रं घ्यावी लागतात. डोक्यात २.८ सेंटिमीटरची गाठ. धमन्या मोकळ्या. यकृत-फुप्फुस स्वच्छ. पण आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेला गाठ टेकलेली आणि तिथे शिरेची कड वेडीवाकडी. याला बॉर्डरलाइन म्हणतात: काढता येईल, पण आज काढायला गेलं तर गाठीचा अंश मागे राहायची भीती.

सीए १९-९ हे रक्तातलं मार्कर १,१४० आलं. नेहमीची मर्यादा ३७. मुलाने तो आकडा रात्री मोबाइलवर शोधला आणि सकाळी रडत आला. कावीळ असताना हे मार्कर कर्करोग नसतानाही वाढतं, आणि काही लोकांच्या शरीरात ते मुळात बनतच नाही. त्यावरून निदान करायचं नसतं. कावीळ उतरल्यावरचा आकडा, आबांचा ४१०, हा पुढच्या तुलनेचा पाया धरायचा.

आबांना सांगायचं का?

"आबांना काही सांगू नका, खचतील." मुलगा, भाऊ, सून, सगळ्यांचं एकमत. भावाने पर्रीकरांचं नाव घेतलं. मनोहर पर्रीकर मार्च २०१९ मध्ये याच आजाराने गेले, हे प्रत्येकाच्या डोक्यात होतं.

मी मुलाला म्हणालो, केमो सुरू झाली की केस जातील, पंप लागेल, मग काय सांगणार? तरी तो तयार होईना. मी ठरवलं की मी होऊन सगळं ओतणार नाही, पण आबांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आणि आबांनी विचारलं. दवाखान्यात, मुलगा गाडी लावायला गेला तेव्हा.

"गाठ आहे ना?"

"आहे."

"वाईट आहे?"

"वाईट आहे. पण पसरलेली दिसत नाही. उपाय करता येतील, अवघड आहेत."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोराला सांगू नका मला कळलंय म्हणून. त्याला झेपणार नाही." दोन दिवस बाप-लेक एकमेकांपासून तेच लपवत होते. तिसऱ्या दिवशी काकूंनीच दोघांना समोर बसवलं.

समोरचे पर्याय

थेट शस्त्रक्रिया, आधी केमो मग शस्त्रक्रिया, आणि फक्त कावीळ उतरवून त्रास कमी ठेवणं, असे तीन मार्ग होते. भावाने चौथाही मांडला, नुसतं आयुर्वेद. त्याला मी एवढंच म्हटलं की वैद्यांकडे जरूर जा, पण केमोच्या काळात यकृतावर ताण येईल असं भस्म-काढा मला दाखवल्याशिवाय नको.

मत पक्कं करायला मुलगा रिपोर्ट घेऊन परळला टाटा मेमोरियलमध्ये गेला. पहाटेची शिवनेरी, दिवसभर रांग, रात्री परत. तिथेही मत तेच पडलं: बॉर्डरलाइन, आधी केमो. उपचार पुण्यात घेता येतील असंही सांगितलं. परळला राहायची तयारीही घराने ठेवली होती. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते, तिथे चौकशी करून ठेवली होती. पण दर पंधरा दिवसांनी जा-ये करण्यात ५९ किलोच्या माणसाचं काय झालं असतं? पुण्यातच करायचं ठरलं.

पैशाची बाजू मी पहिल्याच दिवशी काढायला हवी होती. विमा नव्हता, केशरी रेशनकार्ड होतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो बसली. शस्त्रक्रियेसाठी धर्मादाय रुग्णालयातली सवलत मागितली. या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पण तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बारा दिवस गेले. निदानाची शंका आली त्याच दिवशी दाखल्याचा अर्ज टाकावा, हे आता मी प्रत्येक घराला सांगतो.

उपचार

केमो आधी ठरल्यामुळे आता स्टेंट लागणार होता, कारण कावीळ असताना ती औषधं देता येत नाहीत. धातूचा घातला, प्लास्टिकचा काही महिन्यांत तुंबतो. त्याच सुमारास एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने बघत सुईने गाठीचा तुकडा घेतला: ॲडिनोकार्सिनोमा. स्वादुपिंडाचे दहातले नऊ कर्करोग याच प्रकारचे. थेट शस्त्रक्रिया ठरली असती तर तुकडा घ्यायची गरजही नव्हती, पण केमोआधी पुरावा लागतोच. सुईने कर्करोग पसरतो ही भीती घरात होती. ती बोलून काढण्यात माझा पाऊण तास गेला, आणि तो कारणी लागला.

फोलफिरिनॉक्स ही चार औषधांची केमो, दर पंधरा दिवसांनी, आठ वेळा. शेवटचं औषध छातीत कातडीखाली बसवलेल्या पोर्ट नावाच्या छोट्या डबीतून ४६ तास चालणाऱ्या पंपाने घरीच जायचं. डिसेंबरची थंडी, त्यात केमोतल्या ऑक्झालिप्लॅटिन या औषधामुळे गार स्टीलच्या भांड्याला हात लावला तरी बोटांत सुया टोचत. काकू पाणी कोमट करूनच देत.

तिसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी रात्री १०१ ताप आला. घरच्यांनी पॅरासिटामॉल दिली आणि सकाळची वाट बघितली. सकाळी रक्तदाब घसरला होता, पांढऱ्या पेशी ९००. पाच दिवस रुग्णालयात. केमो चालू असताना, आणि त्यातून पित्तनलिकेत स्टेंट असताना, १००.४ च्या वरचा ताप म्हणजे त्याच घटकेला रुग्णालय. हे त्यांना डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत लिहून दिलेलं होतं. त्यानंतर सुनेने मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून फ्रिजवर चिकटवलं.

वजन मात्र वाढेना. तुपकट संडास चालूच, कारण पचनरस आतड्यात पोचत नव्हते. त्यासाठी पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूल असतात, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. जेवणानंतर घेऊन उपयोग नाही. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. माळकऱ्याला हे सांगायचं की नाही? न सांगता देणं सोपं होतं. मी सांगितलं. आबांनी त्यांच्या दिंडीतल्या वडीलधाऱ्यांना विचारलं आणि दोन दिवसांनी येऊन म्हणाले, "ते म्हणाले, औषध ते औषध. जिभेसाठी खात नाहीयेस." महिन्याभरात अडीच किलो वजन वाढलं. या कॅप्सूल निदानाच्या आठवड्यातच सुरू करायला हव्या होत्या.

एप्रिलमध्ये मार्कर ४६ वर आलं, गाठ २.१ सेंटिमीटर. सर्जन निवडताना मुलाने माझ्या सांगण्यावरून थेट विचारलं, "ही शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला किती करता?" विचारताना संकोच वाटतो, पण हा प्रश्न जीव वाचवणारा आहे. अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या नोंदींवरून २००२ साली दिसलं होतं की अगदी कमी शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांत साधारण १६ टक्के रुग्ण दगावले, सर्वाधिक करणाऱ्यांत ४ टक्के. सर्जननी शांतपणे आकडा सांगितला आणि गुंतागुंतही सांगितली.

व्हिपल शस्त्रक्रिया सात तास चालली. स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याची पहिली कमान, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि जठराचा थोडा भाग काढून उरलेलं पुन्हा आतड्याला जोडायचं, असं हे काम. नंतर जठर नऊ दिवस हललंच नाही, नाकातली नळी राहिली. सतराव्या दिवशी घरी. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, पण २१ लसिकाग्रंथींपैकी २ मध्ये कर्करोग. शस्त्रक्रियेनंतरच्या आणखी चार केमो ऑगस्टपर्यंत पूर्ण झाल्या. २०१८ च्या फ्रान्स-कॅनडातल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर या औषधांची सुधारित मात्रा घेतलेल्या निम्म्या रुग्णांनी ५४ महिने ओलांडले होते, जुन्या जेमसिटाबिनवर ३५. मुलाने तो ५४ आकडा घट्ट धरला होता. आधी शस्त्रक्रिया होऊ शकलेल्या, धडधाकट रुग्णांचा तो अभ्यास होता, हे मी त्याला सांगितलं, पण हळू आवाजात.

घराण्यात कर्करोगाची जोखीम आणणाऱ्या बीआरसीए जनुकांची तपासणीही झाली, कारण आबांच्या बहिणीला चव्वेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. दोष निघाला नाही.

पुढे काय झालं

त्या आषाढात आबा चालले नाहीत, पण हडपसरला उभं राहून पालखी बघितली. गिरणी मुलाच्या मेहुण्याने सांभाळली. जवळपास वर्ष बरं गेलं.

शस्त्रक्रियेनंतर तेराव्या महिन्यात मार्कर चढलं आणि यकृतात तीन ठिपके दिसले. जेमसिटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही दुसरी केमो दिली. ऑक्टोबरपर्यंत ठिपके वाढले, पाय सुजले, भूक गेली. पुढची औषधं होती, पण आबांनी विचारलं, "याने किती दिवस मिळतील आणि ते कुठे काढायचे?" ऑन्कॉलॉजिस्टनी खरं उत्तर दिलं: बहुधा आठवडे, आणि त्यातले बरेचसे रुग्णालयात. आबांनी थांबवलं.

पाठीच्या दुखण्यासाठी पोटामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन दिलं, मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून मोफत सेवा देतं. धायरीहून जवळ. तिथे दहा दिवस ठेवून दुखणं आटोक्यात आणलं आणि घरी पाठवलं. जानेवारीत, निदानानंतर सव्वीस महिन्यांनी, आबा घरीच गेले. शेवटचे तीन आठवडे झोप लागत होती.

काय वेगळं करता आलं असतं

त्यांच्यामागे मी केसपेपर काढून बसलो. फेब्रुवारी ७२, जून ६९, ऑगस्ट ६६, ऑक्टोबर ६३. चारही आकडे माझ्या अक्षरात, वेगवेगळ्या पानांवर. एकाखाली एक लिहिले असते तर कंपाउंडरलाही दिसलं असतं. ऑगस्टमध्येच सीटी केलं असतं तर गाठ दिसलीच असती असं म्हणता येत नाही, लहान गाठी निसटतात. पण ऑक्टोबरमध्ये, पाठदुखी सुरू झाल्यावर, दिसली असती असं मला वाटतं. तेव्हा ती शिरेला टेकली होती का, हा प्रश्न माझ्याकडून सुटत नाही.

आता दवाखान्यात पन्नाशीनंतर नव्याने साखर निघालेल्या प्रत्येकाचं वर्षभराचं वजन पहिल्याच पानावर एका रांगेत लिहिलं जातं. घट असेल तर संडासाबद्दल मीच विचारतो, शब्द न चोरता.

भोरकडच्या त्या औषधाबद्दल मी भावाशी वाद घातला नव्हता. आबांच्या वर्षश्राद्धानंतर तो एका शेजाऱ्याला घेऊन माझ्याकडे आला, डोळे पिवळे. "आधी सोनोग्राफी करा, माळ नंतर बघू," तो मला म्हणाला. पुढच्या महिन्यात आणखी एक बाई आली, तीही त्यानेच पाठवलेली. शेजाऱ्याच्या पित्तनलिकेत खडा निघाला. बाईंची साधी विषाणूची कावीळ होती, पाच आठवड्यांत उतरली.